कच्चा चीक

चीक मिसळलेलं दूध पकडणं हे माझं काम होतं. गाय व्यायल्यावर पहिले काही दिवस जे घट्ट, पिवळसर दूध येतं तो चीक. तो कॅनमध्ये मिसळला गेला तर सगळं दूध तापवताना फाटतं. म्हणून पुणतांब्याजवळच्या आमच्या दूध शीतकरण केंद्रावर, ज्याला सगळे नुसतं चिलिंग म्हणायचे, संशय आलेल्या कॅनमधलं थोडं दूध मी परीक्षानळीत घ्यायचो आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरायचो. गुठळी झाली की कॅन परत.

शेतकरी हुज्जत घालायचे. "सायेब, आठवडा झाला गाय व्यायल्याला. कसला आलाय चीक?" मी नळी त्यांच्यासमोर उलटी करायचो. गुठळी जागची हलायची नाही. मग मी माझं ठरलेलं वाक्य म्हणायचो, "इकडे आणण्यापेक्षा वासराला पाजा. व्यायल्या व्यायल्या पाजा. चीक मिळाला नाही तर वासरू जगत नाही." डेअरीच्या पदविकेला असताना हे घोकलं होतं आणि नोकरीत ते इतक्यांदा बोललो होतो की म्हणताना मी दुसऱ्याच कॅनकडे बघत असायचो.

केंद्राच्या आवारातल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. मी, बायको आणि माझी आई. नव्वदच्या दशकाची ती पहिली वर्षं. आमच्या घरात मूल टिकत नव्हतं.

पहिल्या वेळी पाचवा महिना चालू असतानाच गेलं. दुसऱ्या वेळी सातव्यात कळा सुरू झाल्या आणि जीप येईपर्यंत मुलगी घरातच झाली. तालुक्याच्या गावाहून डॉक्टर येऊन बघून गेले. ऊब द्या म्हणाले, फार आशा धरू नका म्हणाले. आईने चुलीशेजारी कापूस पसरून तिला ठेवलं. पहिले तीन दिवस अंगावर पाजायचं नाही अशी आमच्याकडची पद्धत. चिकाचं दूध जड, बाळाला बाधतं, ते पिळून टाकायचं आणि बाळाच्या जिभेला गुळाच्या पाण्याचा बोळा लावायचा. बायकोने ते वाटीत पिळलं आणि कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून आईने ती वाटी जास्वंदीच्या मुळाशी रिकामी केली. मी दारात उभा होतो. मी ते पाहिलं आणि मला काहीही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी गेली.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा बायको आनंदली नाही. तिने मला सांगितलं ते पाठमोरी भाकरी थापता थापता. "परत राहिलंय," एवढंच म्हणाली.

या वेळी आम्ही आधीपासून डॉक्टरीणबाईंकडे जायला लागलो. त्यांनी सगळं शांतपणे विचारून घेतलं आणि सांगितलं की दर वेळी कारण सापडतंच असं नाही, पण पुष्कळदा खालून जंतू वर चढतात, पिशवीच्या आत दाह सुरू होतो, सूज येते, आणि त्या दाहामुळेच पिशवी वेळेआधी आवळायला लागते. "म्हणजे बाळ नको असतं म्हणून नाही," त्या बायकोला म्हणाल्या. "अंग आगीशी भांडत असतं, त्या भांडणात बाळ बाहेर पडतं." त्यांनी गोळ्या दिल्या, विश्रांती सांगितली आणि ताप आला तर लगेच यायला सांगितलं.

बायको त्या दिवशी बसमध्ये रडली. बरं वाटून रडली असं तिने मला नंतर सांगितलं. दोन वर्षं आई तिला येताजाता विचारत होती की तू काय उचललंस, कुठे वाकलीस, कुणाच्या दारात गेलीस.

माझ्या डोक्यात मात्र दाह हा शब्द राहिला. प्रयोगशाळेच्या कपाटात दुधाच्या रसायनशास्त्राचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात दुधातल्या एका प्रथिनाची माहिती मी पूर्वी परीक्षेपुरती वाचली होती. लॅक्टोफेरिन. ते लोह धरून ठेवतं. जंतूंना वाढायला लोह लागतं, ते मिळालं नाही की त्यांची उपासमार होते. शिवाय ते दाह शमवतं असं दिसतं, असं एक वाक्य होतं. साध्या दुधात ते थोडं, चिकात भरपूर. पुढचं वाक्य होतं की माणसाच्या दुधात ते गाईच्या दुधापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं आणि बाळंतिणीच्या पहिल्या दुधात सगळ्यात जास्त. ते वाक्यही मी वाचलं. मला गरोदर बाईला पाजता येईल असं काहीतरी हवं होतं, म्हणून मी ते ओलांडून पुढे गेलो.

उष्णतेने प्रथिन मोडतं हे मला पुस्तकाशिवायही ठाऊक होतं. माझी रोजची परीक्षाच त्याच्यावर चालायची. म्हणजे खरवस उपयोगाचा नव्हता. चीक कच्चाच हवा.

आज मी हे लिहितो तेव्हा त्यातला मूर्खपणा मला स्पष्ट दिसतो. प्यायलेलं प्रथिन पोटात जाऊन पचतं. ते गर्भाशयापर्यंत पोचतं का, किती पोचतं, हे त्या पुस्तकात कुठेही नव्हतं. पण ज्याच्या घरात दोनदा पाळणा माळ्यावर परत गेला आहे तो माणूस एका वाक्यावर उभा राहतो. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं नाही. त्या नको म्हणतील याची भीती होती.

मळ्यातल्या एका म्हाताऱ्यांकडे संकरित गाई होत्या. सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांची एक गाय व्यायल्याचं कळलं आणि मी कामावरून परस्पर तिकडे गेलो. आबा गोठ्यात गव्हाण झाडत होते.

"आबा, गाय व्यायली म्हणे?"

"व्हय, कालवड झाली. का? चीक मिसळीन म्हणून राखन कराया आलाव?"

"नाही. थोडा चीक पाहिजे होता."

आबांनी झाडणं थांबवलं आणि घराकडे तोंड करून ओरडले, "ऐकलं का गं? मागल्या म्हयन्यात आपला कॅन माघारी धाडला, आन आज सायेब सोता चीक मागत्यात! नळीतली गुठळी गोड लागली जनू."

आतून त्यांच्या सुनेचा आवाज आला, "वहिनींना डोहाळं लागलं आसतील, मामा. द्या की."

"देतो की. न्हाई कोन म्हन्तंय? वेलदोडा हाय का सायेब घरी? खरवसाला वेलदोडा लागतोय."

"खरवस नाही करायचा. कच्चाच पाहिजे."

"कच्चा?" आबा माझ्याकडे बघत राहिले. "कुनाला?"

"औषध आहे," मी म्हणालो.

त्यांनी पुढे विचारलं नाही. आमच्या दोन वेळा सगळ्या गावाला माहीत होत्या. त्यांनी स्वतः धार काढली आणि घरातला पितळी तांब्या भरून दिला. चीक कुणी विकत नाही, वाटतात. आणि तांब्या परत करताना तो रिकामा द्यायचा नसतो. तळाशी गुळाचा खडा किंवा मूठभर ज्वारी तरी टाकायची असते.

बायको नाक धरून तो प्यायली. मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "आता मलापण तुमच्या दिव्यावर धरून बघा. गुठळी झाली म्हणजे टिकलं म्हणायचं."

मी हसलो. ती हसली नाही.

आई दाराशी बसून होती. "पोटुशी बाईला कच्चा चीक पाजतोय," ती भिंतीला सांगावं तसं म्हणाली. "शिकून शिकून येडं झालंय माझं."

त्यानंतर आबांच्या गोठ्यातली किंवा त्यांच्या शेजारची गाय व्यायली की तांब्या आमच्याकडे यायचा. सकाळी कॅन उतरवताना माणसं मला चिडवायची. "सायेब, आमची म्हैस पुढल्या म्हयन्यात हाय, लावू का नंबर?" मी ते ऐकून घ्यायचो. त्याच हातांनी त्यांचे कॅन परत पाठवायचो.

सातवा महिना लागला आणि काही झालं नाही. मी रात्रंदिवस त्या लोह धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा विचार करायचो, जणू ते मी शोधून काढलं होतं. बायको चालताना भिंत धरायची. आईने तिला टोमणे मारणं बंद केलं होतं. माळ्यावरून पाळणा खाली काढायचा विषय कुणीच काढत नव्हतं, पण आई एकदा मान वर करून त्याच्याकडे बघताना मला दिसली.

मग एका सकाळी आबांचा कॅन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गुरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून केंद्रावर आले. त्यांचे गमबूट फिनेलने ओले होते.

"आबांचं दूध काही दिवस घेऊ नका," ते म्हणाले. "दोन गाईंनी गाभ टाकलाय. दोन्ही सातव्या महिन्यातल्या. वारही पडली नाही. रक्त पाठवतोय, पण मला ब्रुसेला वाटतोय. आणि तिथलं कच्चं दूध कुणी पीत असेल तर सांगा त्यांना. माणसालाही होतो."

मला ते कुणी सांगायची गरज नव्हती. ब्रुसेला म्हणजे गाईंचा सांसर्गिक गर्भपात, हा जंतू कच्च्या दुधातून माणसात जातो, गरोदर बाईचं मूलही पडू शकतं. हाही प्रश्न परीक्षेला यायचा. मी त्याचं उत्तर लिहून पास झालो होतो. दूध तापवून मगच लोकांना पाजायचं, एवढ्यासाठी तर आमचा सगळा धंदा उभा होता. आणि माझ्या बायकोला, दोन मुलं गेलेल्या बाईला, त्याच गोठ्यातला चीक मी मुद्दाम न तापवता पाजत आलो होतो.

केंद्रातून घरापर्यंतचं अंतर म्हणजे एक आवार ओलांडायचं. मी ते ओलांडू शकत नव्हतो. कॅन धुवायच्या हौदावर उभा राहून हात धूत राहिलो. शेवटी बायकोच मला बघून दारात आली. आत बसून ती मेथी निवडत होती, जुडी तशीच हातात होती.

मी तिला सांगितलं. शब्द नीट निघाले नाहीत, पण तिला कळलं. ती शेतकऱ्याची लेक. गाभ टाकलेली गाय तिने पाहिलेली होती.

तिने मेथीची जुडी उंबऱ्यावर ठेवली. मग म्हणाली, "माझ्या पोटातला तांब्या आता उलटा करता येतो का?"

डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडल्या. "अहो, दुधातला माणूस ना तुम्ही?" त्यांनी रक्त पुण्याला पाठवलं. निकाल यायला वेळ लागेल, ताप बघत राहा, म्हणाल्या. मी दर थोड्या वेळाने बायकोच्या कपाळाला हात लावायचो. ती झोपली असली तरी लावायचो. शेवटी तिने माझा हात बाजूला केला. "तुमचाच हात तापलाय," म्हणाली.

निकाल यायच्या आधी कळा आल्या. भर दुपार होती. आठवा नुकता लागला होता. जीप नव्हती, म्हणून रिकामे कॅन घेऊन निघालेला दुधाचा टेम्पो मी थांबवला. मागे कॅन बाजूला सारून गोधडी अंथरली. आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. खड्डा आला की सगळे कॅन एकमेकांवर आपटायचे आणि त्या आवाजात तिचं ओरडणं बुडून जायचं. तालुक्याच्या दवाखान्यात कळा थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि नगरला पाठवलं. नगरपर्यंत मी देवाशी बोललो नाही. मी लॅक्टोफेरिनशी बोलत होतो. किती वेडेपणाचं वाटतं आज. धरून ठेव म्हणत होतो.

मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, अंगावर लव, रडणं मांजरीच्या पिलासारखं. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. तिला ओढून पिण्याची ताकद नाही, दूध आलं की काढून द्या, आम्ही थेंबाथेंबाने पाजू, असं सिस्टरने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर खाटेपाशी आल्या. "आलं का दूध?"

"अजून न्हाई, बाई," आई म्हणाली.

सिस्टर पुढच्या खाटेकडे गेल्या. आई खोटं बोलत नव्हती. तिच्या हिशेबात दूध तीन दिवसांनी उतरतं. त्याच्या आधी येतो तो चीक, ते दूध नव्हेच. बायकोची चोळी पुढून ओली झाली होती. आईने आडोशाला पदर धरला आणि तिला वाटीत पिळायला लावलं. तळाशी जेमतेम चमचाभर जमलं. घट्ट, पिवळं. वाटी घेऊन आई उठली आणि खिडकीबाहेरच्या झाडाकडे जायला लागली.

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. याही वेळी मी नुसता बघतच होतो. हे मला लिहिलंच पाहिजे. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"अहो," बायको म्हणाली. तिच्या आवाजात जोर नव्हता. "त्यात काय आहे?"

"कशात?"

"वाटीत. आत्याबाई नेतायत ती."

मी वळून आईच्या हातातल्या वाटीकडे बघितलं.

"दुसऱ्याच्या गोठ्यात तांब्या घेऊन हिंडलात ना त्याच्यासाठी? तेच आहे ना ते?" ती कोपरावर उठायला बघत होती. "गावाला ओरडून सांगता, वासराला पाजा, नाहीतर जगत नाही. मग हिला का नाही?"

पुस्तकातलं ते ओलांडलेलं वाक्य तेव्हा माझ्यासमोर आलं. आणि त्याच्यामागोमाग जास्वंद आली. मी धावत जाऊन आईचं मनगट धरलं.

"सोड, सांडंल!" आई म्हणाली. "काय झालं?"

"हे तिला पाजायचं."

"चीक? अरे, तान्हं लेकरू ते. तुझाबी टाकलाच हुता मी. तू जगला न्हाईस?"

"आई, मी नऊ महिने पुरे भरून झालो होतो."

ती वाटीकडे बघत राहिली. मग तिने ती माझ्या हातात दिली. मी ती सिस्टरकडे नेली आणि त्यांनी दोन्ही हातांनी ती माझ्याकडून घेतली. "आलं की!" त्या म्हणाल्या. "मघाशी का नाही म्हणालात?" त्यांनी नळीच्या टोकाने एकेक थेंब मुलीच्या तोंडात सोडला. काचेवर नाक टेकवून मी तिचा गळा हलतो का ते बघत होतो. हलला.

पुढचे आठवडे मला सलग आठवत नाहीत. ती दोनदा निळी पडली. एकदा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून मनाची तयारी ठेवा म्हणून सांगितलं. बायको दर वेळी वाटी भरायची आणि आई ती दोन्ही हातांत धरून, पदराने झाकून, देवाचं तीर्थ न्यावं तशी पेटीपर्यंत न्यायची. पुण्याचा निकाल याच काळात आला. बायकोच्या रक्तात ब्रुसेला नव्हता. माझ्या चिकाने घात केला नव्हता. त्याने काही राखलं होतं का, तेही कुणी सांगू शकत नव्हतं. कळा लवकर आल्याच होत्या.

मुलगी जगली. तिला घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा आबांचा तांब्या अजून फळीवर होता. तो घासून, गूळ घालून मी परत द्यायला गेलो. गोठ्यात तीनच गाई उरल्या होत्या, बाकीच्यांच्या दावणी मोकळ्या. आबांनी गुळाचा खडा बोटांत धरला.

"लागू पडला का चीक, सायेब?"

त्यांच्या गाई गेल्या होत्या आणि ते मला हे विचारत होते.

"पडला, आबा," मी म्हणालो.

ते सुनेला सांगायला आत गेले.

या प्रथिनाबद्दल पुढे मी मिळेल ते वाचत राहिलो. वेळेआधीच्या कळा त्याने टळतात का यावर लोक गंभीरपणे काम करत आहेत, शुद्ध केलेलं, तपासलेलं प्रथिन देऊन बघत आहेत, असं वाचलं. पक्कं उत्तर माझ्या वाचनात अजून आलेलं नाही. मी मनात जे जुळवलं होतं ते अगदीच वेडगळ नव्हतं, हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं.

मुलगी पाच-सहा महिन्यांची असताना आई तिला अंगणात कोवळ्या उन्हात पायांवर घेऊन तेल लावत होती. बायको शेजारी दुपटी वाळत घालत होती. मी कामावर निघालो होतो. आईने मान वर न करता विचारलं, "आन ती पयली पोर? तिला चीक दिला आसता तर?"

बायकोचा हात दोरीवर थांबला.

"नाही आई," मी म्हणालो. "ती फारच लहान होती. काही उपयोग झाला नसता."

आईने मान हलवली आणि तेलाचा हात पुन्हा फिरवायला लागली. बायकोने दुपटं झटकून दोरीवर टाकलं. ती माझ्याकडे वळली नाही. मी चिलिंगवर गेलो आणि त्या दिवशी वासराला पाजा हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझं उत्तर खरं धरून ती गेली असावी, निदान मला तसं वाटतं. बायकोने तो विषय कधी काढला नाही. ती मुलगी तीन दिवस आमच्याकडे होती आणि तिच्या वाट्याचं जे होतं ते जास्वंदीच्या मुळाशी गेलं. ते मिळून ती जगली असती, असं कुठलंही पुस्तक म्हणत नाही. पण जगली नसती असं आईला जितक्या पटकन म्हणालो, तितक्या पटकन मला ते इथे लिहिता येत नाही.